रॅप्चर महासंकटाच्या आधी की नंतर? घरात वाद पेटलाय

नगरची_सून
प्रभूमध्ये सलाम. सप्टेंबर २०२५ मध्ये २३-२४ तारखेला रॅप्चर होणार, म्हणजे येशू विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेणार, म्हणून व्हिडिओ फिरत होते ना, ते बघून आमचे मोठे दीर जे सुरू झालेत ते अजून थांबेनात. तारीख गेली, काही झालं नाही, आता म्हणतात हिशोब थोडा मागेपुढे झाला असेल. इथवर ठीक, पण परवा सासूबाईंसमोर म्हणाले, पोरीला इंजिनिअरिंगला घालून कर्ज कशाला करता, चार वर्षं तरी मिळणारेत का. माझी पोरगी रडकुंडीला आली. आमचे पाळक ह्या विषयावर बोलतच नाहीत आणि दिरांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी हेच. महासंकटाआधी, म्हणजे शेवटच्या काळातल्या त्या मोठ्या छळाआधी, विश्वासणारे उचलले जाणार हे शास्त्रात आहे की नंतर कोणी जोडलंय? भांडू नका प्लीज, घरात पुरे आहे.

जुना_पंचांगवाला
ताई, तारखेचं आधी संपवू. मत्तय २४:३६, तो दिवस नि ती घटका पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. तरी लोक गणित मांडतातच. अमेरिकेत विल्यम मिलर म्हणून शेतकरी होता, त्याने दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे वर्षं धरली, इ.स.पू. ४५७ पासून मोजत १८४३-४४ वर आला, मग त्याच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ पक्की केली. काहींनी बटाटे शेतातच ठेवले, काढून करायचं काय! २३ ला नेहमीसारखं उजाडलं. त्यातूनच पुढे सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी झाली, पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच, आणि तेही आता तारीख काढत नाहीत. हॅरोल्ड कॅम्पिंग ह्या अमेरिकन रेडिओ प्रचारकाचं तर १९९४ मध्ये एकदा हुकलं होतं, तरी २१ मे २०११ चे होर्डिंग लावले, तेही हुकल्यावर २१ ऑक्टोबर. दिरांचं "मागेपुढे" नवीन नाहीये.

मेघारूढ
तारखेबद्दल सहमत, पण म्हणून रॅप्चरच खोटं असं करू नका. १ थेस्सलनीका ४:१७ स्पष्ट आहे, आपण प्रभूला भेटायला मेघांत उचलले जाऊ. आणि ५:९, देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही. महासंकट म्हणजे देवाचा क्रोध, मग मंडळी त्यात राहीलच कशी? १९४८ ला इस्राएल परत उभं राहिलं, शेवट जवळ आल्याचं ते चिन्ह काय उगाच?

वसईकर७
उचलले जाऊ ह्याला कोण नाही म्हणतंय, आम्ही कॅथलिक पण दर रविवारी मिस्सामध्ये ख्रिस्त पुन्हा येणार असंच म्हणतो. वाद आहे तो दोन टप्प्यांचा, आधी गुपचूप नेणार आणि सात वर्षांनी परत येणार. ही मांडणी १८३० च्या आसपास जॉन नेल्सन डार्बी ह्या ब्रिटिश प्रचारकामुळे पुढे आली, मग १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांमधून घरोघरी पोचली. आणि तुमच्याच ४:१६ मध्ये आज्ञेचा आवाज आहे, आद्यदेवदूताची वाणी आहे, तुतारी आहे, एवढ्या गाजावाजात गुपचूप कसलं? मत्तय २४:२९ तर संकटानंतरच म्हणतो. हे सगळं होईपर्यंत "ही पिढी" नाहीशी होणार नाही, तो भाग (२४:३४) काही जण इ.स. ७० मधल्या यरुशलेमच्या नाशाला लावतात, मलाही ते बरंचसं पटतं.

मेघारूढ
उशिरा कळलं म्हणजे चूक असं नसतं हो. मत्तय २४:२९ मधलं येणं म्हणजे दुसरा टप्पा, उचललं जाणं त्याआधीच झालेलं असेल. असो, ताईंनी भांडू नका सांगितलंय.

जुना_पंचांगवाला
तुम्ही दोघं थेस्सलनीकातच आहात तर दुसरं पत्र पण काढा. २:२ मध्ये पौल सांगतो, प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. त्याच मंडळीत काही जण कामधंदा सोडून लुडबुड करत बसले होते, त्यांना ३:१० मध्ये सुनावलंय, काम नको तर खाऊही नका. ताई, दिरांनी एलआयसी बंद केलीय का विचारा 😄

मेघारूढ
मी महासंकटाआधी उचलले जाणार असंच मानतो तरी माझा मुलगा डिप्लोमाला आहे, फी मीच भरतो. तो कधीही येऊ शकतो म्हणजे उद्याच येणार असं आमच्यात कोणी शिकवत नाही, दिरांना हे सांगा.

नगरची_सून
एलआयसी चालूच आहे, वर सुप्याच्या प्लॉटचा हप्ता पण भरतात! ३:१० आज रात्री प्रार्थनेत मीच वाचणारे. अ‍ॅडमिशनची फी शुक्रवारी भरतोय.