योनीमुखाजवळ एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ

निशिगंध
वहिनीला (वय 34) योनीमुखाच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला सुपारीएवढी गाठ येते. बसताना ठणका लागतो. चिरा देऊन पू काढला की बरं वाटतं, काही महिन्यांनी तिथेच परत. शिवाय जांघेत पुळ्या येतात. दोन्ही एकच का? घरात सगळे म्हणतात, स्वच्छता कमी पडते.

रातराणी
स्वच्छतेचा दोष अजिबात नाही, हे घरी ठासून सांगा. जागेवरून बार्थोलिन ग्रंथीची (योनीमुख ओलसर ठेवणारी छोटी ग्रंथी) गाठ वाटते. योनीमुख घड्याळाची तबकडी धरली तर या दोन ग्रंथी 4 आणि 8 वाजता असतात. त्यांची नळी साधारण 2.5 सेंमी लांब. तिचं तोंड बंद झालं की स्राव साठून गाठ होते. जंतू शिरले की गळू.

नुसता चिरा दिला तर जखम लवकर मिटते आणि नळी पुन्हा तुंबते. म्हणून वाट कायम उघडी राहील असं काही करावं लागतं. एक म्हणजे वर्ड कॅथेटर: टोकाला फुगा असलेली बारीक नळी, फुग्यात सुमारे 3 मिली सलाइन, 4 ते 6 आठवडे आत. दुसरं मार्सुपियलायझेशन: गाठ उघडून तिच्या कडा बाहेरच्या त्वचेला शिवतात. पुढच्या वेळी हे डॉक्टरांना आवर्जून विचारा, आणि पू तपासणीला पाठवायला सांगा.

गाठ लहान असताना कोमट पाण्याच्या टबात 10-15 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा बसावं. दाबून फोडू नये.

बकुळ
जांघेतल्या पुळ्या वेगळ्या असू शकतात. प्रत्येक पुळीच्या मधोमध केस दिसत असेल आणि रेझर फिरवल्यावर त्या येत असतील, तर केसतोड. रेझर बंद करून कात्रीने केस आखूड ठेवा.

पण काखेत, स्तनांखालीही खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, जोडीजोडीने काळे ठिपके किंवा व्रण राहत असतील, तर हिड्राडेनायटिस सप्युराटिव्हा असू शकतो. यात केसांच्या मुळाशी दाह होतो आणि कातडीखाली बोगदे तयार होतात. 5 दिवसांच्या अँटिबायोटिकने तो जात नाही. डॉक्सिसायक्लिनसारखं औषध अनेकदा 12 आठवडे चालतं, गरोदरपणात मात्र नको. धूम्रपान आणि वाढलेलं वजन याने तो बळावतो. त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा. साखरही तपासून घ्या.

केवडा
मेडिकलमधून बुरशी-जंतू-खाज सगळ्यांवर म्हणून मिळणारी मलमं लावू नका. त्यांत बहुधा कडक स्टिरॉइड असतं. नाजूक त्वचा पातळ होते आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

घोळक्याने येणारे, पाणी भरलेले, आग होणारे फोड हर्पिसचे (विषाणूचा संसर्ग) असू शकतात. फोड ताजे असतानाच स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) घेतला तर निदान पक्कं होतं, सुकल्यावर अवघड.

ताप, झपाट्याने वाढणारी सूज किंवा पसरणारी लाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच अशी गाठ आली तर ती दुखत नसली तरी बायोप्सीबद्दल (छोटा तुकडा काढून तपासणं) विचारा. त्या जागी कर्करोग क्वचितच होतो, पण तो वगळायलाच हवा.

निशिगंध
काखेतही अधूनमधून येतात, आत्ताच विचारलं. त्वचारोगतज्ज्ञांचीही वेळ घेते.

बकुळ
जाताना गाठ कुठे, कधी आली, पाळीच्या आधी वाढते का, हे लिहून न्या. सूज असतानाचे फोटोही; तपासणीच्या दिवशी गाठ बहुतेक बसलेली असते.