'अद्भुतरम्य' हा शब्द आजच्या रोमँटसीला (रोमान्स + फँटसी) चालेल का?

पानफुटी:
आमच्या वाचनगटासाठी अलीकडच्या इंग्रजी कादंबऱ्यांवर एक टिपण लिहितेय, फँटसी, सायफाय आणि रोमान्स असं तिन्ही मिळून. त्यात रिबेका यारोसच्या 'फोर्थ विंग'ला (२०२३) मी सरळ 'अद्भुतरम्य कादंबरी' म्हटलं तर गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी ते खोडून 'कल्पनारम्य' केलं. त्यांचं म्हणणं असं की अद्भुतरम्य ही 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या काळाची पाटी आहे, ती आजच्या पुस्तकाला लावली की वाचक फसतो. मला हे अजिबात पटलेलं नाही. कल्पनारम्य म्हटलं की मला सुट्टीतलं बालनाट्य आठवतं, आणि हे पुस्तक तसं नाहीये. व्हायोलेट नावाची सहज हाडं मोडणारी मुलगी युद्धविद्यालयात ढकलली जाते, पहिल्याच दिवशी पावसात ओल्या अरुंद कठड्यावरून चालत पलीकडे जायचं, पाय घसरला की संपलं. तिथून टायर्न नावाचा तुसडा ड्रॅगन तिला निवडतो, आणि त्या दोघांचं मनातल्या मनातलं बोलणं मला नायक-नायिकेच्या भांडणांपेक्षा कितीतरी जास्त आवडलं. पण प्रेमप्रकरणाने पुस्तक भरलंय हेही खरंच. मग अद्भुतही आहे, रम्यही आहे, तर अद्भुतरम्य का नाही? जाणकारांनी सांगा.

बखरबाज:
बाईंचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाहीये. समीक्षेत अद्भुतरम्य हा शब्द इंग्रजी 'रोमान्स'साठी रुळला, म्हणजे जुन्या अर्थाचा रोमान्स, आजचं प्रेमप्रकरण नव्हे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. राजघराणं, सुंदर नायिका, दुष्टांची कारस्थानं, ताटातूट, योगायोग आणि शेवटी मीलन. मग रिसबुडांची 'मंजुघोषा', पुढे १९१३ ला नाथमाधवांची 'वीरधवल', गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रजी कादंबरीकारावरून बेतलेल्या कादंबऱ्या. मधे हरिभाऊ आपटे आले आणि सामाजिक कादंबरीला मान मिळाला, तेव्हापासून समीक्षक 'अद्भुतरम्य' म्हणतात ते नाक मुरडूनच. म्हणजे शब्दाचा अर्थ बरोबर आहे पण त्याला वास चिकटलाय. तुम्ही कौतुकाने लिहाल आणि वाचणारा समजेल की पुस्तक उथळ आहे असं म्हणताय.

निनाद_सॅनहोजे:
बखरबाज, तुम्ही जी यादी दिलीत ना, राजघराणं, कारस्थानं, ताटातूट, मीलन, तीच्या तीच यादी आज रोमँटसीच्या मागच्या कव्हरवर असते! माझी पुतणी सेरा मासच्या पुस्तकांची पारायणं करते, तिला मुक्तामालेची गोष्ट सांगितली तर म्हणाली काका हे भाषांतर कुठे मिळेल. ऑक्सफर्डच्या २०२४ च्या वर्षशब्दाच्या यादीत 'रोमँटसी' होता (निवडला गेला 'ब्रेन रॉट'). इंग्रजीला आत्ता दोन शब्द सांधावे लागले, आपल्याकडे सांधलेला शब्द कधीचा पडून आहे. वास चिकटला असेल तर वापरूनच जाईल, न वापरता कसा जाणार?

शब्दसेवक:
मुळात 'रोमँटसी' देवनागरीत लिहायचाच का? ज्या भाषेला दिग्दर्शक, महापौर, चित्रपट हे शब्द सावरकरांनी दिले आणि ते रुळले तिला एक वाङ्मयप्रकाराचं नाव जड आहे का. मी 'प्रणयाद्भुत' सुचवतो. फँटसीसाठी 'अद्भुतिका'.

ओलीसुकी:
शब्दसेवक काका, 'इका' लावलं की वस्तू लहान होते हो, नाटिका, एकांकिका, पुस्तिका. पाचशे पानांच्या ठोकळ्याला अद्भुतिका म्हणायचं? आणि प्रणय हा शब्द तर नकोच नको. मी पक्षीनिरीक्षण करते, आमच्यात प्रणय म्हणजे विणीच्या हंगामातला नाच. पेपरवाल्यांना जे स्पष्ट लिहायचं नसतं तिथे ते प्रणय लिहितात. माणसांच्या गोष्टीला प्रेमकादंबरी म्हणा की, सगळ्यांना कळतं. एमिली हेन्रीच्या पुस्तकांत दोन शहाणी माणसं एकमेकांशी चुरचुरीत बोलत बोलत प्रेमात पडतात, त्याला प्रणय म्हटलं की वेगळंच काहीतरी वाटतं.

शब्दसेवक:
ताई, प्रणय हा उत्तम संस्कृत शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ स्नेह, विश्वास, लाडिक हट्ट. पेपरांनी वाट लावली म्हणून आपण टाकून द्यायचा का? उलट योग्य जागी वापरून तो परत मिळवायला हवा.

निनाद_सॅनहोजे:
म्हणजे प्रणय वापरून स्वच्छ होतो, अद्भुतरम्य होत नाही?

शब्दसेवक:
अद्भुतरम्यला माझा विरोध नाहीच, तो बखरबाजांचा आहे. माझा विरोध रोमँटसीला आहे.

हिंजवडी_शटल:
सुचवलेला प्रत्येक शब्द टिकतोच असं नाही ना पण. केशवसुतांनी सॉनेट (चौदा ओळींची कविता) मराठीत आणलं आणि त्याला 'चतुर्दशक' म्हटलं, लोकांनी शेवटी 'सुनीत' उचलला. माधव जूलियनांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं, त्यातल्या 'विवेक' या शब्दाकडे सगळे दुर्लक्ष करतात. आमच्या बसमध्ये चारजण ही पुस्तकं वाचतात, सगळे फँटसीच म्हणतात. मी तरी फँटसीच लिहीन.

वसईची_रेशम:
मला वेगळाच प्रश्न पडलाय. ड्रॅगनला काय म्हणायचं? आमच्याकडे चर्चमध्ये मराठी बायबल वाचतात, त्यात प्रकटीकरणाच्या पुस्तकात 'मोठा अग्निवर्ण अजगर' येतो, सात डोकी आणि दहा शिंगांचा. लहानपणी मला तो खराखुरा अजगर वाटायचा आणि सात डोक्यांचा अजगर गिळतो कसा हा विचार करून मी घाबरायचे. पण टायर्नला अजगर म्हटलं तर पंख कुठे गेले?

बखरबाज:
रेशमताई, अजगराला पंख नाहीत आणि विस्तवही नाही. आपल्या शिल्पात व्याल आहे, शरभ आहे. जंजिऱ्याच्या दरवाज्यावर पंजांत हत्ती धरलेलं जनावर बघा, अनेक किल्ल्यांच्या दारांवर तसलं काहीतरी आहे. शरभ ताकदीचा, मिश्र अंगाचा, राजसत्तेचं चिन्ह. ड्रॅगनच्या सगळ्यात जवळ तोच येतो.

ओलीसुकी:
पण शरभावर बसून कोणी उडत नाही. ड्रॅगनला ड्रॅगनच राहू द्या, जिराफाला आपण कुठे दुसरं नाव शोधलं.

पानफुटी:
अहो मंडळी, ड्रॅगन मी ड्रॅगनच लिहिलाय, प्रश्न अद्भुतरम्यचा होता 🙏

मधुमालती:
मी संस्कृत शिकवते म्हणून सांगते. ज्या 'कादंबरी' या शब्दाने आपण नॉव्हेलला ओळखतो तो बाणभट्टाच्या नायिकेचं नाव आहे. सातव्या शतकातली, हर्षाच्या काळातली. ती गोष्ट सांगतो एक पोपट! प्रेमिक मरतात, जन्म बदलतात, चंद्र स्वतः शापाने माणूस होऊन जन्म घेतो, दोन जोड्यांची ताटातूट पुढच्या जन्मापर्यंत चालते. बाण पुरी न करताच गेला, ती मुलाने पुरी केली. म्हणजे मराठीत कुठल्याही नॉव्हेलला कादंबरी म्हणताना आपण आधीच एका अद्भुत प्रेमकथेचं नाव घेतोय. मग अद्भुतरम्य कादंबरी ही द्विरुक्ती झाली असं मी म्हणेन, पण गोड द्विरुक्ती. तेव्हा पानफुटी, बिनधास्त लिही.

हिंजवडी_शटल:
बाई, कादंबरी म्हणजे मद्य पण ना? कदंबाच्या फुलांचं?

मधुमालती:
हो, तोही अर्थ आहे. पण नॉव्हेलला नाव मिळालं ते पुस्तकावरून.

पानफुटी:
बाई, खूप आभार, हे टिपणात घालतेच. आता दुसरी अडचण. कॅलिएन ब्रॅडलीची 'द मिनिस्ट्री ऑफ टाइम' (२०२४) मला या सगळ्यांत जास्त आवडली. १८४५ ला फ्रँकलिनच्या आर्क्टिक मोहिमेवर गेलेला ग्रॅहम गोर, हा खराखुरा नौदल अधिकारी, आजच्या थोडं पुढच्या लंडनमध्ये उचलून आणतात आणि एका सरकारी नोकरदार बाईच्या घरात ठेवतात. तिचं पद आहे 'ब्रिज'. तिची आई कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेली, त्यामुळे आपलं जग गमावलेल्या माणसाला नव्या जगात वागायला शिकवणं हे तिला घरातूनच ठाऊक आहे. प्रेमकथा हळूहळू चढते आणि शेवटाकडे मात्र हेरगिरीची घाई होते, ती मला खटकली. पण काळातून आलेल्या लोकांना तिथे 'एक्सपॅट' म्हणतात, त्याला काय लिहू? परदेशस्थ म्हटलं तर देश येतो. मी 'परकालस्थ' केलंय.

निनाद_सॅनहोजे:
परकालस्थ फारच छान! आम्ही इथले सगळे परदेशस्थ थोडे परकालस्थ पण असतो, आम्ही सोडली तेव्हाचीच मराठी अजून बोलतो. हे पुस्तक विज्ञानकथेत घालणार की प्रेमकथेत?

बखरबाज:
विज्ञानकथेत नको. त्यात काळाचं दार हे नुसतं सापडलेलं यंत्र आहे, ते का चालतं याचा विचार नाही. नारळीकरांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. त्या कथेत विज्ञान हा कणा होता, काढून घेतलं तर गोष्ट उभीच राहत नाही. हीच कसोटी.

ओलीसुकी:
या कसोटीने निम्मं सायफाय बाहेर जाईल. अँडी वीअरच्या 'प्रोजेक्ट हेल मेरी'त (२०२१) विज्ञान कणाच आहे, पण मी रडले ती रॉकी नावाच्या परग्रहावरच्या इंजिनियरच्या मैत्रीसाठी. गणितं काढली तर पुस्तक पडेल, मैत्री काढली तरीही पडेल. मग ती विज्ञानकथा की मैत्रीकथा? आणि विज्ञान म्हणजे काय हे तरी पक्कं कुठाय, ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात प्रपंचालाच विज्ञान म्हटलंय.

शब्दसेवक:
तो अध्यात्मातला अर्थ झाला. आजच्या विज्ञानावर तो लादू नका. पानफुटी, तुमच्या 'ब्रिज'ला 'सेतू' लिहा.

पानफुटी:
काका, सेतू म्हटलं की रामायण आणि सरकारी सेतू केंद्र, दोन्ही आठवतात हो. मी 'दुवा' लिहिलाय. गोर तिला 'माझा दुवा' म्हणतो, कानाला बरं वाटतं. आणि अद्भुतरम्य मी ठेवतेय, गटातल्या बाई काहीही म्हणोत.

वसईची_रेशम:
दुवा म्हणजे आशीर्वाद ना पण? आमची आजी 'गरिबाचा दुवा लागतो' म्हणायची.

हिंजवडी_शटल:
तो दुवा अरबी दुआ वरून आला. साखळीचा दुवा वेगळा, तो दोन वरून आला असणार, दोन कड्या जोडतो म्हणून.

शब्दसेवक:
'दोन वरून' याला आधार काय? कोशात बघून सांगा. आणि बखरबाज, विज्ञानकथेची ती कसोटी मला मान्य आहे, त्यावर वेगळा धागा काढा.