४/८ लिमिट होल्डेमसाठी बाजूला किती पैसे ठेवावेत?

शनिवारचा_गडी
नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात बे एरियात असतो, दर शनिवारी संध्याकाळी जवळच्या कार्डरूममध्ये ४/८ लिमिट होल्डेम खेळतो (पोकरचा प्रकार, पहिल्या दोन फेऱ्यांत बेट ४ डॉलरची, पुढच्या दोन फेऱ्यांत ८ ची), साधारण पाच तास. नो लिमिट मला झेपत नाही, एका डावात सगळ्या चिप्स पुढे सरकवायच्या म्हटलं की पोटात गोळा येतो, लिमिटमध्ये बेट ठरलेली असते त्यामुळे बरं वाटतं. घरी बोलून १५०० डॉलर यासाठी वेगळे काढले होते. सात शनिवारांत, ३६ तासांत, त्यातले ६४० गेले. बायको काही बोललेली नाही पण माझीच झोप उडालीय. सगळे म्हणतात ३०० बिग बेट हवेत म्हणजे २४०० डॉलर, आणि मुलीच्या डेकेअरची फी बघता अजून पैसे यात घालणार नाही हे नक्की. उरलेल्या ८६० मध्ये २/४ ला उतरू का?

गणितवाला
आधी ३६ तासांचं बघू. लाइव्ह लिमिटमध्ये तासाला साधारण १० बिग बेटचा चढउतार धरतात (बिग बेट म्हणजे तुमच्याकडे ८ डॉलर, डाव सुरू होताना सक्तीने टाकायची बिग ब्लाइंड नव्हे, बरेच जण इथेच घोळ करतात). तो तासांच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे ३६ तासांत ६० बेट, ४८० डॉलर. तुमचे ८० बेट गेलेत. ना नफा ना तोटा अशा खेळाडूलाही एवढा फटका दहा-अकरा वेळांत एकदा बसतोच, त्यामुळे एवढ्यावरून तुम्ही वाईट खेळता असं मी म्हणणार नाही आणि चांगलं खेळता असंही नाही.

आता ३००. हा आकडा वरून पडलेला नाही, तो तुम्ही तासाला किती जिंकता यावर आहे. तासाला १ बेट जिंकणाऱ्याला सगळे पैसे जाण्याचा धोका ५ टक्क्यांवर ठेवायला १५० बेट पुरतात. अर्धी बेट जिंकणाऱ्याला त्याच धोक्यासाठी ३०० लागतात. आणि जो हरतोय त्याला कितीही ठेवले तरी ते संपणारच, फक्त वेळ लागेल. म्हणून आधी रेकॉर्ड ठेवा, तारीख, तास, आत किती, बाहेर किती. १०० तासांनंतरसुद्धा १ बेटवाला सहापैकी एकदा तोट्यातच दिसतो, तेव्हा घाई नको.

रेकमोज्या
कृपा करून २/४ ला जाऊ नका!! मी वर्षभर तीच चूक केली. टेबल प्रत्येक डावातून किती काढतं ते बसून मोजा. आमच्याकडे ड्रॉप (कार्डरूमचा कट) आणि जॅकपॉटसाठीची कापणी मिळून ६ डॉलर जातात, तासाला ३० डाव धरले तर १८०, नऊ जणांत वाटले तर माणशी २० डॉलर तासाला, डीलरची टिप वेगळीच. ४/८ ला हे अडीच बेट झाले. २/४ ला ड्रॉप तोच पण बेट ४ डॉलरची, म्हणजे तासाला पाच बेट! एवढं भरून काढून वर जिंकायला समोरचे लोक फारच कच्चे लागतील. छोटं टेबल म्हणून पैसे जपले जातील असं वाटतं पण तिथे हळूहळू सगळंच टेबलाच्या पोटात जातं. तुमच्याकडचा ड्रॉप वेगळा असू शकतो, आधी मोजा आणि मग ठरवा. आणि फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं, बघायला किती डावांत जाता? सात-आठ जण कॉल करताहेत म्हणून आपणही के-नऊ (राजा आणि नव्वी) घेऊन जायचं, माझे पैसे सगळ्यात जास्त तिथेच गेले.

शनिवारचा_गडी
के-नऊ वाचून धस्स झालं, शंभर टक्के मीच. २/४ रद्द. ८६० म्हणजे १०७ बेट, मग असं करतो, शनिवारी फक्त २०० घेऊन जायचं, बँकेचं कार्ड गाडीतसुद्धा नाही, घरीच, आणि ८६० संपले तर या वर्षी परत भरायचे नाहीत. बायकोलाही आज हेच सांगितलं, ती वही आणून देते म्हणाली. एक राहिलं, आमच्या टेबलावर हाफ किल आहे, त्याने फरक पडतो का?

गणितवाला
पडतो. सलग दोन पॉट कोणी जिंकले की पुढचा डाव ६/१२ होतो ना, त्या डावापुरती तुमची बेट दीडपट. असे डाव बरेच होत असतील तर चढउतार मी वर धरला त्यापेक्षा जास्तच येणार, डॉलरमध्ये. वहीत किलचे डाव मोजायला एक रकाना आखा, आणि किलमध्ये हात आणखी निवडून खेळा, विशेषतः किलवाला, म्हणजे ते दोन पॉट जिंकणारा, तुमच्यानंतर खेळणार असेल तेव्हा.