दख्खनच्या कातळातल्या जीवाश्मांचं वय: नेमकं मोजतात काय?

कातळवाट: छिंदवाड्याजवळ मोहगावकलानला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात झाडांचे जीवाश्म मिळतात. वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास सांगतात. हे कार्बन-१४ ने काढतात का?

तांबडमाती: छे. कार्बन-१४ चं अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं, म्हणजे ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. मोजतात ते खालच्या आणि वरच्या लाव्हाचं वय. गाळ त्यांच्या मधला. मात्र खालचा कातळ नंतर गाळाखाली घुसलेला असेल तर तो गाळापेक्षा तरुण निघतो आणि हिशेबच उलटतो. म्हणून आधी गाळाचा तळ भाजलाय का ते बघायचं. भाजला असेल तर तो नमुना खालची मर्यादा म्हणून बाद.

प्लेजिओक्लेज: बेसाल्टसाठी, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या या काळ्या कातळासाठी, आर्गॉन-आर्गॉन पद्धत: पोटॅशियमपासून किती आर्गॉन तयार झाला ते मोजायचं. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं, आणि त्यातला जेमतेम ११ टक्के भाग आर्गॉन-४० होतो. कातळ फोडून प्लेजिओक्लेज या त्यातल्या खनिजाचे स्वच्छ कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचायचे, सौम्य आम्लाने धुवायचे, वय माहीत असलेल्या खनिजासोबत अणुभट्टीत ठेवायचे. तिथे पोटॅशियम-३९ चं आर्गॉन-३९ होतं, त्यावरून पोटॅशियम किती होतं ते कळतं. मग तापमान पायरीपायरीने वाढवत वायू सोडवायचा. लागोपाठच्या पायऱ्यांवर एकच वय आलं तरच ते धरायचं.

गोची अशी की दख्खनच्या प्लेजिओक्लेजमध्ये पोटॅशियम फारच कमी. झिओलाइटने (पोकळ्यांत नंतर साठणारं खनिज) भरलेला, कुजका दगड घेतला तर आर्गॉन निसटलेला असतो आणि वय कमी येतं. नमुना निवडण्यातच अर्धं काम असतं, यंत्र नंतर.

कातळवाट: हवेतलाही आर्गॉन-४० त्यात मिसळत असेल ना?

प्लेजिओक्लेज: मिसळतो. हवेत आर्गॉन-४० आणि ३६ यांचं प्रमाण साधारण २९८.६ असतं. ३६ मोजून तेवढा वाटा वजा करतात.

तांबडमाती: झिरकॉन या खनिजाचाही मार्ग आहे, त्यात युरेनियमपासून झालेलं शिसं मोजतात. बेसाल्टमध्ये तो क्वचितच, पण दोन थरांमधल्या तांबड्या मातीत ज्वालामुखीय राखेतून आलेला मिळतो. स्फटिक वाढताना त्यात युरेनियम शिरतं, शिसं जवळजवळ नाही. म्हणून आत सापडणारं शिसं बहुतेक नंतर तयार झालेलं. पण मातीत जुन्या खडकांतले कणही वाहून येतात, त्यामुळे सर्वांत तरुण कणांचा गट धरावा लागतो. २०१९ मध्ये दोन संशोधक गटांनी या दोन पद्धतींनी दख्खनचे बहुतेक उद्रेक सुमारे १० लाख वर्षांत झाल्याचं दाखवलं. लाव्हा सलग आला की हप्त्याहप्त्याने, यावर मात्र दोन्ही गटांचं जमलं नाही.