द विच (२०१५) : हा हॉरर आहे की नुसता कंटाळा? ज्यांना आवडला त्यांनी समजवा

निशाचर_नेहा
क्वीन्स गॅम्बिट बघितल्यापासून आन्या टेलर-जॉयचं जे हाती लागेल ते बघायचं चाललंय, त्यात शनिवारी द विच लावला. रॉबर्ट एगर्सचा पहिलाच पिक्चर, सनडान्स चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालेला, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला, म्हणून मुलांना झोपवून लाईटबिईट बंद करून जय्यत तयारीने बसलो. आणि मग काय तर दीड तास एक घर, एक जंगल, एक बोकड आणि सतत प्रार्थना. नवरा अर्ध्या तासात घोरायला लागला. मी शेवटपर्यंत बघितला, दचकले एकदाही नाही, पण खोटं कशाला बोलू, रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा स्वयंपाकघराचा दिवा आधी लावला आणि मग आत पाय टाकला.

गंमत म्हणजे सासूबाई जाग्या होत्या. इंग्रजी त्यांना कळत नाही, मी मधेमधे सांगत होते. संपल्यावर म्हणाल्या, "चांदीचा पेला विकला हे त्या बाप्याने बायकोला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर पुढचं रामायण झालंच नसतं." चेटकीणीबद्दल एक अक्षर नाही!

तर मला विचारायचंय की लोकांना यात नेमकं काय आवडतं? चेटकीण खरी आहे की त्यांच्या डोक्यातली? आणि शेवटाचा अर्थ काय लावायचा? स्पॉयलर चालतील, बघून झालाय.

तिकीटखिडकी
ताई तुम्ही एकट्या नाही. मी हा मित्राच्या शिफारशीवर बघितला आणि त्या मित्राशी आठवडाभर बोललो नाही. ट्रेलर बघा परत एकदा, त्यात जे काय कापाकापी करून टाकलंय ते बघून वाटतं की दर पाच मिनिटाला काहीतरी अंगावर येणार आणि प्रत्यक्षात बाप लाकडं फोडतोय, आई रडतेय, जुळी पोरं बोकडाला गाणी म्हणतायत, बाप परत लाकडं फोडतोय. जेवायला बोलावून नुसती उदबत्ती लावल्यासारखं झालं. अमेरिकेत पण हेच झालं हो, तिथे सिनेमास्कोर म्हणून प्रकार आहे, पहिल्या दिवशी थेटरातून बाहेर पडणाऱ्या पब्लिकला मार्क द्यायला सांगतात, तर याला सी मायनस मिळालं. समीक्षक एकीकडे आणि पैसे देऊन बघणारा दुसरीकडे. आणि हे "तुम्हाला कळला नाही" म्हणणारे लोक आता येतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

काळा_बोका
आलो 🙂 पण "कळला नाही" म्हणणार नाही.

तिकीटखिडकी, ट्रेलरबद्दल शंभर टक्के सहमत, ट्रेलरने पिक्चरचं नुकसानच केलं. पण सी मायनसचं म्हणाल तर हॉररला तिथे सहसा धड मार्क पडत नाहीत, हेरेडिटरी या गाजलेल्या हॉररला तर डी प्लस होतं. आणि साधारण चाळीस लाख डॉलरमध्ये केलेल्या पिक्चरने चार कोटींच्या आसपास कमावले, म्हणजे पैसे देऊन बघणारे कोणीतरी होतेच की.

नेहाताई, चेटकीण खरी की खोटी हा प्रश्न पिक्चरने स्वतःच पहिल्या पंधरा मिनिटांत मिटवलाय. थॉमसिन (म्हणजे आन्या, घरातली मोठी मुलगी) बाळाशी बुवाऽऽकुक खेळतेय, तोंडावरून हात काढते तर समोर बाळ नाही, आणि पुढच्याच काही मिनिटांत त्या बाळाचं काय झालं ते दाखवून टाकतात. दुसरा कोणी दिग्दर्शक असता तर हे शेवटपर्यंत दाबून धरलं असतं. इथे आपल्याला माहितेय की बाहेर चेटकीण आहे आणि घरातले मात्र तिला एकमेकांत शोधतायत. मला त्याची भीती वाटते. हे लोक कोण, तर १६३० च्या दशकात इंग्लंडहून आलेले कट्टर प्युरिटन, म्हणजे अतिशय कर्मठ ख्रिस्ती पंथाचे, त्यातही बाप एवढा हेकट की वस्तीतल्या लोकांचा धर्म त्याला पुरेसा शुद्ध वाटत नाही आणि त्या गर्वापायी सगळ्या घराला वस्तीबाहेर काढतात. मग जंगलाच्या कडेला झोपडं, शेती येत नाही, शिकार येत नाही, येतं फक्त लाकूड फोडायला. तिकीटखिडकीला तो लाकडं फोडतो त्याचा कंटाळा आला पण नीट बघा, प्रत्येक वेळी काहीतरी हातातून निसटलं की तो कुऱ्हाड घेतो, ढीग वाढतच जातो, आणि शेवटी बोकडाने शिंगं खुपसल्यावर तो त्याच ढिगाखाली जातो.

आणि सफरचंद! बापलेक चोरून जंगलात सापळे लावायला जातात, आई विचारते कुठे होतात, पोरगा केलेब बापाला वाचवायला थाप मारतो की सफरचंदं शोधायला गेलो होतो. नंतर तोच पोरगा जंगलातून झपाटून परत येतो आणि त्याच्या तोंडातून काय बाहेर पडतं? बारा-तेरा वर्षांच्या पोराने घरात शांतता राहावी म्हणून मारलेली थाप त्याच्याच घशातून काढतात. तुमच्या सासूबाईंनी पेल्याचं जे म्हटलं ते याच लाईनवर आहे, पेला बापाने विकला, आळ पोरीवर, आणि बाप समोर उभा राहून गप्प. त्यांना माझ्यातर्फे साष्टांग नमस्कार सांगा.

मुक्ता_बॉस्टन
मी इथे मॅसॅच्युसेट्समध्येच राहते त्यामुळे राहवलं नाही. प्लिमथला (हो तेच, मेफ्लॉवर जहाजवाले १६२० ला उतरले ते) एक प्लिमथ पटक्सेट म्हणून म्युझियम आहे, सतराव्या शतकातली वस्ती जशीच्या तशी उभी केलीय, त्या काळचे कपडे घालून लोक शेळ्या हाकतात, चुलीवर शिजवतात, आणि तुम्ही काहीही विचारलं तरी त्या काळातलेच असल्यासारखी उत्तरं देतात. एगर्स न्यू हॅम्पशायरचा, लहानपणी त्यालाही घरचे तिथे घेऊन जायचे असं त्याने मुलाखतीत सांगितलंय. आम्ही देशातून कोणी आलं की नेतो. उन्हाळ्यात ठीक वाटतं पण एकदा थँक्सगिव्हिंगच्या सुमारास पाहुण्यांना घेऊन गेलो, चार वाजताच अंधारायला लागलेलं, घराच्या आत शिरलं तर एकच खोली, मातीची जमीन, खिडकी म्हणजे हातभर भोक, धुराने डोळे चुरचुरतायत आणि बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर समोरचा माणूस दिसायलाच वेळ लागतो. माझा चुलतदीर म्हणाला, "वहिनी, यात सहा महिन्यांचा हिवाळा काढायचा?" तेव्हापासून मला या पिक्चरमधले घरातले सीन जास्त खरे वाटतात. आतले सीन त्यांनी बरेचसे मेणबत्तीच्याच उजेडात आणि बाहेरचे असेल त्या ढगाळ उजेडात घेतलेत, म्हणून नेहा तुला सगळं राखाडी वाटलं असेल. (शूटिंग मात्र इकडचं नाहीच, कॅनडात ऑन्टारिओमध्ये झालंय. पण जंगल तेच हो, घराच्या मागच्या अंगणापासून सुरू होतं आणि संपत नाही.)

अजून एक. या लोकांच्या डोक्यात नरक खरा होता, म्हणजे आपल्याला पुणं-मुंबई रस्ता खरा आहे तितका. गेलेल्या बाळाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, केलेब बापाला विचारतो की मग तो नरकात गेला का, आणि बापाला "नाही" म्हणता येत नाही. म्हणत नाही तो! देवालाच ठाऊक म्हणतो. मला त्या सीनला जे झालं ते पुढे चेटकीण बघूनसुद्धा नाही झालं.

तिकीटखिडकी
मुक्ता, तुमचा प्रतिसाद पिक्चरपेक्षा जास्त भीतीदायक आहे, खरंच. पण माझा मुद्दा तिथेच आहे की हे सगळं मला बाहेरून वाचावं लागतंय. म्युझियम, मुलाखती, प्युरिटन लोकांचा इतिहास. मी शुक्रवारी रात्री दमून बसलोय तर मला पडद्यावरच कळायला पाहिजे ना. वर ती भाषा, जुनी बायबली इंग्लिश आणि बाप असा खर्जात बोलतो की सबटायटलवालासुद्धा दमला असेल.

काळा_बोका
सबटायटलशिवाय मलाही जमत नाही, इंग्लिशवाल्यांनाही जमत नाही, तक्रार मान्य. तो बाप म्हणजे राल्फ इनेसन, 'द ऑफिस' या ब्रिटिश मालिकेतला तो टवाळ सेल्समन आठवतो का, तोच. आणि आई म्हणजे गेम ऑफ थ्रोन्समधली लायसा. पण इतिहास माहीत पाहिजे हे नाही पटलं. खोटं बोलणारा बाप, सगळा राग पोरीवर काढणारी आई, वयात आलेली मुलगी डोळ्यांत खुपायला लागणं, तिला दुसऱ्याकडे कामाला धाडायचं रात्री नवराबायकोने कुजबुजत ठरवणं आणि ते पोरांनी ऐकणं, यातलं कुठलं कळायला म्युझियम लागतं?

काळी_माती
मी पिक्चरवाला माणूस नाही, कृषी विद्यापीठातून शिकलेला शेतकरी आहे, मुलाने लावला म्हणून बघितला. ती कुजलेली कणसं दाखवली तेव्हा मुलगा म्हणाला की बाबा नेटवर एक थिअरी आहे, त्या बुरशीमुळे यांना भास होत होते, चेटकीण वगैरे काही नाहीच. तर त्यावर थोडं. ती थिअरी अरगट नावाच्या बुरशीची, आणि मूळ मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या चेटकीण खटल्यांबद्दल आहे, १६९२ चे. १९७६ साली लिंडा कॅपोराएल यांनी सायन्स नियतकालिकात मांडली आणि त्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसऱ्या दोघांनी खोडूनही काढली. पण ती राय (rye) या गव्हासारख्या धान्यावरची, मक्याची नाही. पिक्चरमध्ये मका आहे.

अरगट आपल्याकडे बाजरीवर येतो, जुन्या लोकांना विचारा. फुलोऱ्यात ढगाळ दमट हवा मिळाली की कणसातून मधासारखे चिकट थेंब येतात आणि नंतर दाण्याच्या जागी काळपट कडक गाठी. म्हणून पेरणीआधी बियाणं वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकायचं, म्हणजे दहा लिटरला दोन किलो मीठ, वर तरंगेल ते काढून जाळायचं, खाली बसलेलं साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. तसली बाजरी खाल्ली तर मळमळ, उलट्या, गुंगी येते. आपली बुरशी वेगळ्या जातीची, तिने चेटकिणी दिसत नाहीत.

बाकी पिक्चर मला आवडला. पीक गेलेल्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी जे वातावरण असतं ना, कोणी कोणाशी बोलत नाही आणि सगळे उगाच कामात असतात, ते बरोबर दाखवलंय.

निशाचर_नेहा
काका, कसला भारी प्रतिसाद! वाचनखूण साठवलीय.

काळा_बोका, सफरचंदाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी तो सीन अर्धा बोटांच्या फटीतून बघितला. पण शेवट अजून पटत नाहीये. आख्खं घर गेलं आणि ही पोरगी बोकडाशी बोलते, वहीत सही करते, आणि जंगलात जाऊन हसत वर तरंगते. म्हणजे आपण खूश व्हायचं?

मुक्ता_बॉस्टन
बोकडाच्या रूपातला सैतान तिला काय देऊ करतो ते आठव नेहा. राज्य नाही, सोनं नाही. लोण्याची चव. एक चांगला कपडा. जग बघायला मिळेल. ज्या पोरीने वर्षभर सडका मका आणि शिव्या खाल्ल्यात, जी जिवंत राहायला आईलाच मारून बसलीय, तिच्यासाठी एवढंच पुरतं. इथे बऱ्याच बायका त्या शेवटाला मुक्ती वगैरे म्हणतात, मला तसं वाटत नाही, लोण्यासाठी तिने आत्मा विकलाय आणि ज्यांनी तिचा भाऊ कुटून मलम केलं त्यांच्यातच जाऊन बसलीय. पण तिला दुसरा दरवाजा कोणी उघडा ठेवला होता? मी खूशही झाले नाही आणि तिला नावंही ठेवता आली नाहीत.

तिकीटखिडकी
हां, हे लोण्याचं बरोबर आहे. तो एक सीन मला पण आवडला होता, नुसता आवाज येतो बोकडाचा, अंधारात. पण त्यासाठी दीड तास?

आणि तो बोकड बाकी खरा नट होता, चार्ली नाव त्याचं, सेटवर कोणाचं ऐकायचा नाही आणि इनेसनच्या बरगड्यांना चांगलाच मार दिला होता त्याने. पूर्ण पिक्चरमध्ये तेवढीच ॲक्शन आणि ती पण कॅमेऱ्यामागे.

पडदानशीन
उशिरा येतेय. मला वाटतं अर्धं भांडण पिक्चर कुठे बघितला यावर आहे. मोबाईलवर, मधे व्हॉट्सॲप बघत हा बघितला तर खरंच काही हाती लागत नाही, कारण यातलं बरंचसं आवाजात आहे, ते किरकिरणारं तंतुवाद्य आणि बायकांचे चढत जाणारे आवाज, शेजारच्या पंख्याच्या आवाजात ते मरून जातं. तुंबाडचं काय झालं बघा ना, २०१८ ला आला तेव्हा "यात भीती कुठेय" म्हणून लोकांनी सोडून दिला आणि २०२४ ला परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त धंदा. पिक्चर तोच होता. आता तुंबाडमध्ये निदान पाऊस, खजिना, हस्तर असं दिसायला भरपूर आहे, द विच त्यामानाने फारच कोरडा आहे, त्यामुळे तो परत लावला तरी तसं होईल असं नाही. तिकीटखिडकीला परत बघ म्हणणार नाही, ज्याला या चालीचा कंटाळा येतो त्याला येतो, त्यात काही बुद्धीचा प्रश्न नाही.

एक प्रश्न माझाही. बहीण बाळंतपणाला आलीय, सातवा चालू आहे, तिला हॉररचं वेड आहे आणि हा धागा वाचून हाच लाव म्हणून मागे लागलीय. लावू का?

काळा_बोका
अजिबात नको. बाळाचा सीन सुरुवातीलाच आहे आणि पुढे आई अंगावर पाजतेय असा एक सीन आहे, कावळ्याचा, तो मलाच दोनदा बघवला नाही. बाळंतपण होऊ दे, वर्ष जाऊ दे, मग बघा.

मुक्ता_बॉस्टन
+१. आणि तिला हा धागाही दाखवू नकोस आता, वरती सगळं लिहून ठेवलंय आपण.