प्रतिसाद: मोठ्या मॉनिटरवर कडेचा शत्रू

मोठा मॉनिटर घेतला की गेममधला कडेचा शत्रू लवकर दिसतो, असं वर म्हटलंय. अर्धंच खरं आहे ते. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. बारीक तपशील कळतो तो जेमतेम तेवढ्या, म्हणजे साधारण २ अंशांच्या भागात. बाकीच्या नजरेला हालचाल आणि लुकलुक चटकन कळते, पण आकार ओळखता येत नाही.

दादर स्टेशनच्या पुलावरून पळताना डोळ्याच्या कोपऱ्यातून लोकलचा इंडिकेटर पेटलेला कळतो, पण ठाणे की कल्याण ते मान वळवल्याशिवाय नाही! अक्षरं एकमेकांना खेटून असली तर आणखीच कठीण. एकटं अक्षर त्यामानाने बरं. गर्दीत हरवणं डोळ्यांनाही चुकत नाही.

राहिला कॉन्ट्रास्ट, म्हणजे पडद्यावरच्या उजळ आणि गडद भागांतला फरक. माझ्या खोलीला पश्चिमेची खिडकी. दुपारी चारनंतर मॉनिटरच्या काचेवर उजेड पडला की काळा रंग राखाडी होतो आणि सावलीतला राखाडी शत्रू त्यातच विरघळतो. ब्राइटनेस वाढवून फारसा उपयोग झाला नाही, खिडकीचा पडदा ओढल्यावर झाला. तेव्हा २७ इंचीवर खर्च करण्याआधी पडदा लावून बघा, आणि गेममधला नकाशा कोपऱ्यातून मध्याकडे सरकवता येत असेल तर सरकवा.