मदत हवी आहे: रेडिएशन ऑन्कोलॉजीचं खिशात मावणारं हँडबुक

नमस्कार मंडळी. इंदूरला रेडिएशन ऑन्कोलॉजीत (कॅन्सरवरचे किरणोपचार) एमडी करतेय, पहिलं वर्ष. अ‍ॅप्रनच्या खिशात मावेल असं हँडबुक हवंय. जाडजूड ग्रंथ लायब्ररीत आहेत, परीक्षेला ते पुरतील. अडतं ते ओपीडीत: पेशंट समोर, सर डोस विचारतात आणि पानं उलटायला वेळ नसतो.

इथला पुस्तकांचा खजुरी बाजार पालथा घातला, मिळालं नाही. सीनियरकडून आलेली झेरॉक्स फारच जुनी. स्तनाच्या कॅन्सरला तिच्यात 50 ग्रे (किरणांच्या डोसचं एकक) 25 फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे हप्त्यांत, एवढंच. 40 ग्रे 15 मध्ये नाही, मग 2020 च्या फास्ट-फॉरवर्ड ट्रायलचे 26 ग्रे 5 मध्ये कुठून असणार! अ‍ॅप कृपया सुचवू नका, मशीनपाशी रेंज शून्य.

मला मुख्यतः अवयवांच्या डोस-मर्यादांचे तक्ते हवेत. मज्जारज्जूला 45 ग्रे, पॅरोटिड या लाळग्रंथीला सरासरी 25-26, हे तोंडपाठ आहे, पण ते रोजच्या 2 ग्रेच्या हिशोबाने. फ्रॅक्शन मोठं झालं की हेच आकडे चालत नाहीत, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. शिवाय गर्भाशयमुखाच्या ब्रॅकीथेरपीचं (किरणांचा स्रोत शरीरात आतून ठेवून उपचार) प्लॅनिंग आमच्याकडे सीटीवर होतं. एमआरआय गृहीत धरून लिहिलेलं पुस्तक अर्धंच कामाचं.

बजेट दोन हजारांपर्यंत, जुनी प्रतही चालेल, पण आवृत्ती 2020 नंतरची हवी. हायपोफ्रॅक्शनेशनच्या (हप्ते कमी, प्रत्येक डोस मोठा) मर्यादा वेगळ्या देणारं असं कोणतं पुस्तक तुम्ही स्वतः वॉर्डात वापरता, आणि त्याची भारतीय आवृत्ती मिळते का?